टाके निघाले, रिपोर्ट राहिला : दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर व्रणात परतलेल्या कर्करोगाचं एक प्रकरण

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तारखा बदलल्या आहेत. घटना ज्या क्रमाने घडल्या तो क्रम तसाच आहे. यातल्या तीन चुका माझ्या आहेत आणि त्या झाकलेल्या नाहीत.

पार्श्वभूमी

देवगड आणि मालवण यांच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. बाई 54 वर्षांच्या, पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. मी त्यांना काकी म्हणते. त्यांच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं माझ्याकडे झालेली, त्यामुळे ओळख जुनी. घरी थोडी भातशेती, काजूची आणि आंब्याची कलमं, दोन्ही मुलगे मुंबईला.

ऑक्टोबरमध्ये त्या पोट जड वाटतं म्हणून आल्या. दोन घास जास्त खाल्ले तरी पोट तटतटायचं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात 9 सेंटीमीटरची गाठ दिसली. सीए-125 (अंडाशयाच्या कर्करोगात बहुधा वाढणारं रक्तातलं प्रथिन) ही रक्ततपासणी 62 आली. नेहमीची मर्यादा 35.

अशा वेळी आम्ही एक साधा गुणाकार करतो. सोनोग्राफीतल्या संशयास्पद खुणांचे गुण, पाळीच्या स्थितीचे गुण आणि सीए-125 चा आकडा, या तिघांचा. खूण एकच असेल तर 1 गुण, दोन किंवा जास्त असतील तर 3. पाळी गेलेल्या बाईला 3. उत्तर 200 च्या वर गेलं तर गाठ कर्करोगाची समजूनच पुढची पावलं टाकायची आणि शस्त्रक्रिया स्त्रियांच्या कर्करोगाच्या सर्जनकडे सोपवायची.

मी रिपोर्टच्या शेवटचा निष्कर्ष वाचला. त्यात आत पडदे असलेली गाठ एवढंच होतं. एक खूण धरली: 1 × 3 × 62, म्हणजे 186. दोनशेच्या आत. सर्जनसाठीच्या पत्रात तोच आकडा लिहिला आणि पुढे ‘साधी असण्याची शक्यता जास्त’ असंही लिहिलं.

त्याच रिपोर्टच्या मधल्या परिच्छेदात एक ओळ होती, एका पडद्याला चिकटलेला 11 मिलिमीटरचा घट्ट भाग. ती दुसरी खूण. ती धरली असती तर 3 × 3 × 62, म्हणजे 558. ही माझी पहिली चूक.

ऑपरेशन जिल्ह्याबाहेरच्या शहरात एका खासगी रुग्णालयात झालं, दिवाळीनंतर, दुर्बिणीतून. पोटावर चार छिद्रं. सर्जनच्या हातात माझं पत्र होतं. गाठ साधी समजून त्यांनी ती सुईने रिकामी केली, अंडाशय आणि नळी सोडवली आणि डाव्या बाजूच्या 10 मिलिमीटरच्या छिद्रातून ओढून बाहेर काढली. ऑपरेशनच्या टिपणात पिशवीचा उल्लेख नाही. पोटात घालायची प्लास्टिकची पिशवी असते, गाठ तिच्यात घालून पिशवीसकट बाहेर काढतात, म्हणजे आतला अंश छिद्राच्या कडांना लागत नाही. इथे गाठ थेट कडांना घासत बाहेर आली.

तिसऱ्या दिवशी काकी घरी आल्या. डिस्चार्ज कार्डवर लिहिलं होतं, टाके जवळच्या डॉक्टरांकडे काढावेत. मागच्या पानावर तळाशी आणखी एक ओळ होती, गाठीचा रिपोर्ट 15 दिवसांनी घेऊन जावा.

आठव्या दिवशी टाके मी काढले. चारही जखमा छान भरल्या होत्या. काकींनी ओल्या काजूची पिशवी टेबलावर ठेवली असती तर आश्चर्य वाटलं नसतं, पण तो हंगाम नव्हता, नारळ ठेवले. दोघीही खूष होतो. मी कार्ड उलटून पाहिलं नाही. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी. टाके इथेच निघाले म्हटल्यावर तीन तासांचा एसटीचा प्रवास करून त्या रुग्णालयात परत जायचं काकींना काही कारणच उरलं नाही.

अडचण कशी समोर आली

शिमग्याच्या सुमारास परकराची नाडी बांधताना काकींच्या बोटाला काहीतरी लागलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या आल्या. ‘डॉक्टरानू, हय काय तरी घट्ट लागता. दुखत नाय.’ डावीकडच्या व्रणाखाली चिंचोक्याएवढी गुठळी होती. नाडी नेमकी तिथूनच जात होती. आत राहिलेल्या धाग्याभोवती अशी गुठळी होते आणि रोजच्या घासण्याने ती वाढते, हे मी अनेकदा पाहिलं होतं. सात दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं, नाडी वर बांधायला सांगितलं. ही तिसरी चूक.

मग आंब्याचे दिवस आले. काकी पुन्हा आल्या त्या मे महिन्याच्या शेवटी. गुठळी लिंबाएवढी झाली होती. वरची कातडी लाल नव्हती, पू नव्हता. मी त्यांना खोकायला सांगितलं. गाठ पुढे आली नाही, म्हणजे हर्निया नव्हे. मग मान उचलून पोट ताठ करायला सांगितलं आणि गाठ बोटांत धरून हलवून पाहिली. ती जागची हलेना. खालच्या स्नायूला धरून बसली होती.

छिद्राच्या जागी गाठ येण्याची कारणं बरीच आहेत. धाग्याची गुठळी, हर्निया. दुर्बिणीची हत्यारं नीट निर्जंतुक झाली नाहीत तर क्षयरोगाच्या जंतूंच्या भाऊबंदांचा संसर्ग होतो, तो काही आठवड्यांनी उगवतो आणि वाहतो. पाळी चालू असलेल्या बाईत एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची, गाठ होते, ती पाळीच्या दिवसांत दुखते. काकींच्या गाठीला यातलं एकही कारण लागू पडत नव्हतं. दुखत नाही, वाहत नाही, हलत नाही आणि आठ आठवड्यांत कित्येक पटींनी वाढली.

तेव्हा कुठे मी विचारलं, ‘काकी, काढलेल्या गाठीचा रिपोर्ट कुठे आहे?’

‘खयचो रिपोर्ट?’

त्या दोन शब्दांनंतर मी बराच वेळ काही बोलू शकले नाही.

मोठा मुलगा दुसऱ्याच दिवशी त्या रुग्णालयात गेला. रिपोर्ट रिसेप्शनच्या खणात पाकिटात होता, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याची तारीख. अंडाशयाचा एंडोमेट्रिऑइड प्रकारचा कर्करोग, ग्रेड 2 (म्हणजे मध्यम आक्रमक), गाठीचं कवच फाटलेलं. त्यांनी दोनदा फोन केला होता. नंबर काकांचा होता, आणि काकांच्या घरात रेंज नाही. सड्यावर चढल्याशिवाय फोन लागत नाही. तिसरा फोन कुणी केला नाही.

समोर असलेले पर्याय

त्याच दिवशी गाठीत बारीक सुई घालून पेशी तपासायला पाठवल्या. तिथेच चीर देऊन ‘आत काय आहे ते पाहू’ असं करायचं मी टाळलं. कर्करोग असेल तर अशा चिरेने तो आणखी पसरू शकतो, आणि पुढच्या सर्जनला त्याहून मोठा भाग कापावा लागतो. चौथ्या दिवशी उत्तर आलं: अंडाशयातलाच कर्करोग.

कुटुंबाचा पहिला विचार साधा होता. गाठ कातडीखालीच आहे, इथेच भूल देऊन काढून टाका. ओळखीचे सर्जन तयारही होते. खर्च कमी, प्रवास नाही, लावणीच्या आधी मोकळं. हा पर्याय मोह पाडणारा होता, म्हणून त्याच्यावर मी सर्वांत जास्त वेळ बोलले.

दुर्बिणीच्या छिद्रात कर्करोग उगवल्याची स्त्रीरोगातली पहिली नोंद 1978 सालची आहे, तीही अंडाशयाच्याच कर्करोगाची. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने 1694 रुग्णांचा आढावा छापला. त्यांत 20 जणींच्या छिद्रात कर्करोग परतला होता, म्हणजे शंभरात एकीपेक्षा किंचित जास्त. पण त्या विसांपैकी 19 जणींत त्याच वेळी पोटात किंवा इतरत्रही आजार होता. छिद्रातली गाठ एकटी असण्याची शक्यता इतकी कमी. वरची गाठ काढून आतलं न पाहता घरी पाठवणं म्हणजे काकींना दुसऱ्यांदा खोटा दिलासा देणं.

दुसरा पर्याय, जिल्ह्यातच थेट केमो सुरू करणं. त्यात वेळ वाचला असता. पण आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, हा निर्णय कर्करोगाच्या सर्जनने स्कॅन पाहून घ्यायचा असतो. तो एकट्याने घेण्याइतका माझा अधिकार नाही.

तिसरा, बाहेरच्या मोठ्या कर्करोग केंद्रात जाणं. गोवा अंतराने जवळ, पण तिथे राहायला कुणी नाही. मुंबईत मुलगे. काकींची अट एकच: ‘लावणी झाल्यार जातंय.’ म्हणजे सहा आठवडे. मी नाही म्हटलं. शेवटी तो प्रश्न वाडीने सोडवला. चार घरांनी मिळून त्यांची लावणी उरकून द्यायची कबूल केली.

जायच्या आधी त्यांनी मला विचारलं, ‘मगे तेव्हा काढल्यानी ता काय होता?’ मी सांगितलं की गाठ निघाली होती हे खरं. पण पेरणीला बी नेताना पोतं फाटकं असलं तर वाटेवर दाणे सांडतात आणि पाऊस पडल्यावर वाटेतच कोंब दिसतात, तसं झालं असावं. त्या म्हणाल्या, ‘पोता कोणी बघूक नाय.’ माझा गुणाकारही मी त्यांना सांगितला. मुलगा रागावला, आणि त्याला तो हक्क होता. काकी काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की त्या मुंबईला असताना मी त्यांच्याशी फोनवर बोलणार का.

काय केलं

जाताना सोबत फक्त कागद दिले नाहीत. पहिल्या गाठीच्या काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक प्रयोगशाळेतून मागवून घेतले. मोठ्या केंद्रात ते पुन्हा तपासतात. ते नसले की रुग्णाला गावी परत यावं लागतं आणि दोन आठवडे जातात. ऑपरेशनच्या टिपणाची प्रतही घेतली, कारण गाठ कुठल्या छिद्रातून आणि कशी काढली हे डिस्चार्ज कार्डवर नसतं.

महात्मा फुले योजनेच्या कागदपत्रांत रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळत नव्हती. त्यात पाच दिवस गेले. गाडी पावसाळी वेळापत्रकावर आली होती. रात्रीच्या गाडीने परळला पोचेपर्यंत काकींचे पाय सुजले होते.

स्कॅनमध्ये डावीकडे पोटाच्या भिंतीत 3.4 सेंटीमीटरची गाठ, वपेच्या पडद्यावर (आतड्यांवरचा चरबीचा पडदा) दोन लहान गाठी आणि ओटीपोटात थोडं पाणी. सीए-125 आता 148. फुप्फुसं, यकृत स्वच्छ. डॉक्टरांच्या बैठकीत दोन मतं होती. आजार मर्यादित दिसतो, तर आधी शस्त्रक्रिया करावी, हे एक. पण काकींचं हिमोग्लोबिन कमी, 8.9 होतं, शस्त्रक्रियेची तारीख मिळायला पाच आठवडे लागणार होते, आणि भिंतीतली गाठ थोडी आकसली तर कापायचा भाग लहान होईल. आधी तीन केमो, मग शस्त्रक्रिया, मग आणखी तीन, असं ठरलं. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर 21 दिवसांनी.

पहिली केमो मुंबईत झाली. पुढच्या दोन जिल्ह्यातच दिल्या. प्रत्येक वेळी आदल्या दिवशीचे रक्ताचे आकडे मी मुंबईला कळवत होते. बारा तासांचा प्रवास दर तीन आठवड्यांनी झेपला असता असं मला वाटत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख चतुर्थीच्या दोन दिवस आधीची आली. मुलाने मला फोन करून घाबरत विचारलं की पुढे ढकलली तर चालेल का. मी सर्जनना विचारलं. तिसऱ्या केमोनंतर तीन ते पाच आठवड्यांची मुदत होती आणि गौरीविसर्जनानंतरचा दिवसही तीत बसत होता. काकींनी घरच्या गणपतीला नैवेद्य केला, डोक्याला रुमाल बांधून, आणि मग गेल्या.

या वेळी पोट उघडून शस्त्रक्रिया झाली. गर्भाशय, उजवं अंडाशय, वपेचा पडदा आणि लसीकाग्रंथी काढल्या. डावा व्रण कातडीपासून आतल्या अस्तरापर्यंत सगळ्या थरांसकट चकतीसारखा कापून काढला आणि भिंतीला जाळी बसवली. बाकीची तीन छिद्रं हाताला आणि स्कॅनवर स्वच्छ होती. ती कापली नाहीत.

या वेळी रिपोर्टची तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली होती. व्रणातल्या चकतीत कर्करोग शिल्लक होता, पण चारी कडा आणि तळ स्वच्छ. वपेच्या पडद्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतका. ग्रंथींत नाही.

निष्पत्ती

सहावी केमो डिसेंबरमध्ये संपली. सीए-125 14 वर आलं. त्याला आता वीस महिने होत आलेत. दर तीन महिन्यांनी तपासणी होते. शेवटच्या स्कॅनमध्ये आजार नाही. हा कर्करोग परततो तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, हे काकींना आणि मुलांना स्पष्ट सांगितलेलं आहे.

केमोमुळे तळव्यांना मुंग्या येतात आणि संवेदना कमी झाली आहे. सड्यावर अनवाणी चालताना काटा लागला तरी कळत नाही. एकदा पायात काचेचा तुकडा घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि रक्त मला दिसलं तेव्हा त्यांना कळलं. आता अंगणातही चप्पल.

काय वेगळं करता आलं असतं

लोक मला विचारतात, मग दुर्बिणीचं ऑपरेशनच वाईट का? या प्रकरणातून तसा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या व्रणातही कर्करोग परततो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगात दुर्बीण आणि मोठी चीर यांची तुलना करणाऱ्या, 2017 मध्ये छापलेल्या 760 रुग्णांच्या चाचणीत साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं: 81.6 आणि 81.3 टक्के. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र उलट झालं. 2018 मध्ये छापलेल्या 631 रुग्णांच्या चाचणीत दुर्बिणीच्या गटात हे प्रमाण 86, तर उघड्या शस्त्रक्रियेत 96.5 टक्के होतं, आणि तेव्हापासून त्या आजाराची मूलगामी शस्त्रक्रिया पुन्हा पोट उघडून करणं हा नियम झाला. अवयव कोणता, गाठ कशी आहे आणि ती बाहेर कशी काढली, यावर सगळं अवलंबून आहे.

काकींच्या बाबतीत आकडा 558 लिहिला असता तर त्या पहिल्याच वेळी कर्करोगाच्या सर्जनकडे गेल्या असत्या आणि गाठ न फोडता काढण्याचा विचार झाला असता. 186 लिहिला तरी पाळी गेलेल्या बाईची घट्ट भाग असलेली गाठ पोटात रिकामी करायला नको होती, आणि पिशवी वापरायला हवी होती. पिशवी वापरूनही कधी कधी छिद्रात आजार येतो, कारण दुर्बिणीसाठी पोट फुगवायला सोडलेला वायू, हत्यारांची ये-जा आणि ताजी जखम यांचाही वाटा असू शकतो. म्हणून वायू छिद्रांच्या नळ्या जागेवर असतानाच सोडावा, नळ्या मग काढाव्यात आणि मोठ्या छिद्रांचे थर नीट शिवावेत, अशी पद्धत सांगितली जाते.

पण डिसेंबरमध्ये रिपोर्ट हाती आला असता तर यातलं बरंच काही सावरता आलं असतं. कवच फाटलेलं आणि ग्रेड 2 म्हटल्यावर उरलेली शस्त्रक्रिया आणि केमो जानेवारीतच सुरू झाली असती, गाठ बोटाला लागायच्या आधी. एप्रिलमध्ये मी अँटिबायोटिकऐवजी सुई घेतली असती तरी आठ आठवडे वाचले असते. काजू-आंब्यासाठी थांबल्या म्हणून मी काकींना दोष देत नाही. ‘काही नाही, नाडीचं घासणं आहे’ असं त्यांना मीच सांगितलं होतं.

आता दवाखान्यात एक वेगळी वही आहे. बाहेर ऑपरेशन झालेली कुणीही टाके काढायला आली की परिचारिका आधी नाव लिहिते, मग कार्डाची दोन्ही पानं पाहते, काढलेला भाग तपासायला गेला का ते विचारते आणि रिपोर्टच्या तारखेसमोर रकाना रिकामा ठेवते. फोन नंबर दोन घेतो, त्यांतला एक रेंज असलेल्या घरातला किंवा मुंबईच्या मुलाचा. शनिवारी रिकाम्या रकान्यांवर फोन होतात. गेल्या शनिवारी चार रकाने रिकामे होते. तीन रिपोर्ट साधे निघाले. चौथा अजून यायचा आहे. सोमवारी पुन्हा फोन करायचा आहे.